अण्णांची प्रयोगवही

अण्णांच्या कपाटात खालच्या फळीवर एक शंभर पानी वही होती. कव्हरवर लाल शाईत ‘मी गेल्यावर’. आत शाळेच्या प्रयोगवहीसारखे मथळे पाडलेले: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. उद्देशाखाली एकच ओळ, ‘कुणाची धावपळ होऊ नये.’

धावपळ झालीच. अण्णा गेले त्यानंतर आईच्या नावावर पहिलं कुटुंब निवृत्तिवेतन जमा व्हायला जवळजवळ पाच महिने लागले. त्या दिवसांत मी जिथे-जिथे अडकले तिथे कुणीतरी आधी अडकलेलं असणारच, पण लिहून ठेवलेलं सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय.

अण्णा आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. जून १९६७ ला लागले, जून २००३ ला निवृत्त झाले. छत्तीस वर्षं तीच शाळा, तीच प्रयोगशाळा, फॉर्मालिनच्या बाटल्यांमधले तेच दोन साप आणि एक विंचू. मुलांच्या वह्या तपासताना ते एकाच गोष्टीवर लाल रेघ मारायचे. निरीक्षणाच्या जागी अनुमान लिहिलं की वही परत. ‘लिटमस निळा झाला’ हे निरीक्षण. ‘द्रावण आम्लारीधर्मी आहे’ हे अनुमान. ‘डोळ्यांनी काय दिसलं ते आधी लिही, शहाणपण नंतर,’ असं ते म्हणत. घरीही हाच नियम. ‘भावानं मारलं’ असं रडत गेलं तरी आधी ‘कुठे लागलंय ते दाखव.’

देहदानाचा अर्ज त्यांनी २०११ सालीच भरला होता. दोन प्रती, माझी आणि धाकट्या भावाची सही, एक प्रत वहीत चिकटवलेली. नेत्रदानाचं कार्डही शेजारी. तेव्हा आम्ही सही केली आणि विसरून गेलो.

९ मे २०२३, मंगळवार. पहाटे सव्वाचारला आईनं हाक मारली. हृदयाचं दुखणं चार वर्षांचं, दोनदा दवाखान्यात राहून आलेले, त्यामुळे अगदी अनपेक्षित नव्हतं. तरी मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि मला पुढचं काहीच सुचेना. भाऊ पुण्यात. शेवटी आईच म्हणाली, ‘वही काढ.’

‘कृती’खाली लिहिलेलं होतं: पंखा बंद करा. पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी घ्या. नंबर एकला फोन करा, मग दोनला. पाचव्या क्रमांकावर, ‘आईला चहा द्या, साखर कमी.’

नंबर एक म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांचा फोन बंद. हे पहिलं अडलेलं ठिकाण, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. माणूस घरीच वारला तर मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना ४-अ. तो नसेल तर नेत्रपेढी येत नाही, वैद्यकीय महाविद्यालय देह घेत नाही, आणि पुढे नगरपालिकेतही अडतं. जो डॉक्टर त्या माणसावर आधीपासून उपचार करत असतो तोच हा दाखला सहज देतो. अनोळखी डॉक्टर कचरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. मी स्कूटर काढून डॉक्टरांच्या घरी गेले, बेल वाजवली. ते बनियनवरच आले आमच्याकडे. पावणेसहाला दाखला हातात होता. घरात म्हातारं माणूस आजारी असेल तर डॉक्टरांच्या घरचा दुसरा नंबर आजच लिहून ठेवा. अण्णांच्या वहीत तो नव्हता.

नेत्रपेढीची दोन माणसं पावणेसातला आली. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वर मधुमेह. मी आधीच ‘चालणार नाही ना?’ असं विचारून बसले. त्यांनी सांगितलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा चांगला असला की झालं; चष्मा, मोतीबिंदू, वय, यातलं काही आड येत नाही. त्यांनी थोडं रक्त तपासणीसाठी घेतलं. सगळं वीस मिनिटांत. चेहरा तसाच शांत दिसत होता, हे मुद्दाम सांगते, कारण आईला त्याचीच भीती होती. पैसे लागत नाहीत, कुणी मागतही नाही.

तोवर काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ, माझे लाडके, आणि देहदानाला त्यांचा पहिल्यापासून विरोध. ‘अस्थी नाहीत तर दहावं कशाचं करायचं? कावळ्याला काय सांगायचं?’ मला राग आला, पण त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांनी ‘नको’ म्हटलं तर महाविद्यालय देह नेत नाही. मृताच्या सहीपेक्षा घरच्यांची संमती तिथे मोठी ठरते. म्हणजे बारा वर्षांपूर्वीची अण्णांची सही त्या सकाळी आमच्या हातात होती. आई काकांना म्हणाली, ‘भाऊजी, त्यांनी मला कधी काही मागितलं नाही. हे एकच मागितलंय.’ काका अंगणात जाऊन बसले. नंतर तेच शववाहिकेत पुढे बसले, रस्ता दाखवायला. रस्ता ड्रायव्हरला माहीत होता.

देहदानाची कायद्यातली जागा जुनी आहे, १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाची. पण व्यवहारात चालतं ते महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाच्या नियमानं. निघण्याआधी फोन करून विचारायचंच. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेला देह, कावीळ ब किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग, मोठ्या जखमा असतील तर ते नाही म्हणतात. डोळे काढलेले चालतात. बरोबर न्यायचं: डॉक्टरांचा दाखला, अण्णांचं आणि आमचं आधार, अर्जाची प्रत, दोन जवळचे नातेवाईक सहीला. शववाहिका आपली आपण करायची. आमचं अंतर पंचेचाळीस किलोमीटर, ३,२०० रुपये झाले. अंगावर दागिने ठेवू नका, खिशात काही ठेवू नका. आईनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लाल पेन अडकवलं होतं, मला कळलंही नाही. तिथल्या सेवकानं ते पाकिटात घालून, वर अण्णांचं नाव लिहून, परत दिलं.

पुण्याहून भाऊ थेट तिथेच पोचला. सह्या, रजिस्टर, पावती, पाऊण तास. कुणी घाई केली नाही. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदन सुरू करण्याआधी देहापुढे शपथ घेतात, हे दोन वाक्यांत सांगितलं आणि हात जोडले. दार उघडलं तेव्हा वास आला. आई एकदम थांबली. ‘हा वास तर यांच्या सदऱ्यांना यायचा,’ म्हणाली. फॉर्मालिन. शाळेतल्या बाटल्यांमधलं पाणी बदलायचे त्या दिवशी अण्णांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे. एकतीस वर्षं आईनं त्या वासाला नाक मुरडलं होतं. त्या दारात ती तो घेत उभी राहिली.

घरी आल्यावर फोनवर संदेशांचा पाऊस. ‘मृत्यूनंतरही शिक्षक’, ‘आता डॉक्टरांना शिकवणार’. लोकांचा हेतू चांगला होता, पण अण्णांनी त्यावर लाल रेघ मारली असती. हे निरीक्षण नाही. देहदान का, असं मी २०११ साली विचारलं तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं: ‘मुलांना बघायला लागतं. चित्रावरून कळत नाही.’

दहावं आम्ही केलं नाही. तेराव्या दिवशी काकांनी त्यांच्या घरी काहीतरी केलं, आम्हाला न सांगता. काकूनं नंतर सांगितलं की कावळा लगेच शिवला. आई म्हणाली, ‘शिवणारच. त्यांनी कावळ्यांना रोज शिळी भाकरी घातलीय.’

त्या तेरा दिवसांत माजी विद्यार्थी येत राहिले. चाळिशीच्या आसपासची माणसं. जवळजवळ प्रत्येकजण २१ सप्टेंबर १९९५ ची गोष्ट सांगायचा. देशभर गणपती दूध पितोय म्हणून रांगा लागल्या होत्या त्या दिवसाची. अण्णांनी तास सोडून शाळेची पितळी घंटा टेबलावर आणली आणि चमच्यानं तिला दूध पाजलं. घंटा प्यायली. मग रंगीत पाणी घेऊन तेच केलं, तेव्हा घंटेच्या अंगावरून खाली उतरणारी बारीक लाल धार सगळ्यांना दिसली. पृष्ठताण फळ्यावर लिहिला तो शेवटी. देवाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्या संध्याकाळी आईबरोबर देवळातही गेले, कारण तिला जायचं होतं.

मला आठवतात ते वेगळे अण्णा. १९८४ साली आईला टायफॉइड झाला, तेव्हा मी चौथीत. दोन महिने माझ्या वेण्या अण्णांनी घातल्या. दोन्ही वेण्या पट्टीनं मोजून एकसारख्या, लाल रिबिनीची फुलंही. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण बघायला ते एसटीनं कर्नाटकात अंकोल्याच्या बाजूला गेले होते, मी पाच वर्षांची, मला नेलं नाही म्हणून मी दोन दिवस बोलले नाही. परत आल्यावर त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोक पाडून मला दिवसभर उन्हात सूर्याचा ठिपका दाखवला. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी अंगणात काठी रोवून ते आम्हा सगळ्यांना घड्याळ लावून उभं करायचे. ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग. ‘निसर्ग रिटेक देतो, पण पावसात,’ हा त्यांचा दरवर्षीचा विनोद. ते गेले त्या आठवड्यात काठी कुणी रोवली नाही.

आता कागद.

११ मे, नगरपालिका. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. नंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. खिडकीवरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, ‘स्मशानाची पावती?’ मी देहदानाची पावती दिली. त्यानं ती उलटसुलट बघितली. ‘यावर चालत नाही.’ मग साहेब जेवायला, मग साहेब मीटिंगला. तीन तासांनी साहेबांनी बघितलं आणि एका मिनिटात सही केली. महाविद्यालयाची पावती हीच अंत्यविधीच्या पावतीच्या जागी चालते, तिच्या चार झेरॉक्स काढून मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. दाखला छापण्याआधी मसुदा दाखवायला सांगा. आमच्यात अण्णांच्या वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. तिथेच दुरुस्त झाली. छापल्यावर आठवडे गेले असते. दाखला २२ मे ला मिळाला. दहा प्रती घेतल्या, नऊ लागल्या.

१५ मे ला बँकेत साधं पत्र देऊन आले, अण्णा गेल्याचं. पोच घेतली. एका चुलतभावानं सल्ला दिला होता, ‘एटीएम कार्ड आहे ना, आधी सगळे काढून घे.’ करू नका. जूनच्या सुरुवातीला मे महिन्याचं पूर्ण पेन्शन जमा झालं, दाखल्याची नोंद कोषागारापर्यंत पोचली नव्हती म्हणून. हक्काचं होतं ते ९ तारखेपर्यंतचंच, उरलेले बावीस दिवस परत जाणार होते. पैसे तसेच राहू दिले, त्यामुळे नंतर वसुलीचा मनस्ताप झाला नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाचं गणित थोडक्यात. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून ते सुरू होतं, आमच्या बाबतीत १० मे. वय झालेल्या निवृत्त माणसाच्या पत्नीला शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के, अधिक महागाई भत्ता. अण्णांना पेन्शन निम्मं मिळायचं, म्हणजे घरातली रक्कम बरीच खाली येते. अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग एकरकमी उचललेला असतो त्याची, कपात त्याला लागत नाही.

६ जूनला जिल्ह्याच्या कोषागारात गेले. मूळ पीपीओ (पेन्शन देण्याचा सरकारी आदेश), मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, तिच्या एकटीच्या नावाच्या खात्याचं पासबुक, फोटो, सहीचे नमुने, ओळखीच्या दोन खुणा. (आईच्या हातावर तीळ आहे हे मला त्या दिवशी कळलं.) शिवाय पुनर्विवाह केला नसल्याचं स्वयंघोषणापत्र. एकाहत्तर वर्षांच्या आईला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘अजून ठरलं नाही म्हणून लिही.’ महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली.

आणि मग अडलं ते नावावर. पीपीओवर पत्नीचं नाव सुनंदा, आधारवर कुसुम. आईचं माहेरचं नाव कुसुम. १९७२ साली लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनंदा लिहिलं, आणि अण्णांनी सेवापुस्तकात तेच लावलं. आधार मात्र तिच्या शाळेच्या दाखल्यावरून निघालेलं. वीस वर्षं कुणाला फरक पडला नव्हता, कारण पैसे अण्णांच्या नावावर येत होते. निरीक्षणाचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसानं आपल्या बायकोच्या दोन कागदांवरची दोन नावं कधी शेजारी ठेवून बघितली नव्हती. मला त्यांचा तेव्हा खरोखर राग आला. बसस्टँडवर बसून मी मेलेल्या माणसाशी भांडले.

टेबलावरचे गृहस्थ चांगले होते, पण पीपीओवरचं नाव त्यांना बदलता येत नाही. ते बदलतं महालेखापालांच्या कार्यालयातून, आमच्याकडचं मुंबईला, आणि प्रस्ताव जायचा शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं: शंभराचा स्टॅम्पपेपर, नोटरीचे २५० रुपये. जोडीला जुनं रेशनकार्ड, ज्यावर हातानं ‘कुसुम ऊर्फ सुनंदा’ लिहिलेलं सापडलं. तो एक शब्द, ऊर्फ, कुठल्या तलाठ्यानं की दुकानदारानं लिहिला देव जाणे, पण त्यानं आमचं काम केलं. जुनी रेशनकार्डं फेकू नका.

शाळेत बावीस वेळा गेले असेन. मुख्याध्यापिका अण्णांच्या विद्यार्थिनी निघतील, असं वाटलं होतं. नव्हत्या. त्या बदलून आलेल्या, अण्णांना ओळखतही नव्हत्या. पण लिपिकाला सेवापुस्तकाची जुनी प्रत शोधायला त्यांनीच लावलं, आणि जूनच्या अखेरीस प्रस्ताव गेला. त्यानंतर जुलै, ऑगस्ट. काही नाही. दर पंधरा दिवसांनी जावक क्रमांक सांगून फोन करायचा, एवढंच हातात. जावक क्रमांक आणि तारीख फोनमध्येच टिपून ठेवा, ‘साधारण जूनमध्ये दिला’ म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. त्या काळात घर भाऊ आणि मी मिळून चालवलं. आम्हाला ते जमलं. ज्यांच्याकडे दुसरी मिळकत नाही त्यांनी हे चार महिने कसे काढायचे, हे मला कोणी सांगितलं नाही.

११ सप्टेंबरला दुरुस्तीचं पत्र आलं. २० तारखेला आईला घेऊन कोषागारात गेले, कारण तिथे तिला स्वतः यावं लागतं. पहिल्या मजल्यावर, जिना उभा. सकाळी अकराच्या आत जा, जेवणाच्या सुट्टीनंतर रांग वाढते. ३ ऑक्टोबरला पैसे जमा झाले, १० मेपासूनच्या थकबाकीसह. अण्णांच्या खात्यातले ते बावीस दिवस सरकारनं परत घेतले, रुपयापर्यंत बरोबर.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. दरवर्षी अण्णा बँकेत जाऊन यादीत आपल्या नावापुढे सही करून यायचे आणि दारातूनच ओरडायचे, ‘सरकारला पटलं गं, आहे मी.’ त्या वर्षी सही करायला आई गेली. यादीत नाव होतं, कुसुम ऊर्फ सुनंदा. तिनं बँकेतल्या बाईंना विचारलं, सही कुठली करू? ‘नमुन्यात केली तीच.’ आईनं पर्समधून अण्णांचं लाल पेन काढलं. बाई म्हणाल्या, ‘आजी, लाल शाई चालत नाही.’ त्यांचं निळं पेन घेऊन आईनं सावकाश सही केली, दोन्ही नावं, मधला ऊर्फसुद्धा. चौकटीत मावली नाही. खालच्या माणसाच्या ओळीत थोडी गेली.